आर्डिसचे चार टायर

आर्डिस क्रेबीलचा ट्रेलर कॉलोराडोतला मोठा घाट उतरून चारही टायर शाबूत ठेवत तळ्याकाठी सुखरूप पोचला. हे झालंच नाही असं धरून पुढचं वाचावं. मे महिन्यात कॅन्सासमधल्या तिच्या गावात हे होईल असं कुणालाच वाटत नव्हतं, आणि त्या बिचाऱ्यांचा आत्ताच हिरमोड नको.

"आई, विकून टाक हे," डॅरेल अंगणात उभा राहून म्हणाला.

हे म्हणजे पिकअपमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर. डॅरेलचे वडील ऑर्व्हिल गेल्यापासून दोन वर्षं ते एकाच जागी उभं होतं. त्याआधी दर जूनला ते तळ्यावर जायचं. ऑर्व्हिल गाडी चालवायचा, आर्डिस शेजारी नकाशा धरून बसायची, आणि ऑर्व्हिल नकाशाकडे बघायचा नाही.

"विकायचं कशाला? मी जाणार आहे ना जूनमध्ये."

"एकटी? बरं. पण वाटेत एक जरी टायर फुटला, तरी मी येणार, तुला घरी आणणार आणि ट्रेलर तिथल्या तिथे विकणार. कबूल?"

"कबूल. येताना स्वेटर आण. वर थंडी असते."

दुसऱ्या दिवशी गावात रोज सकाळी कॉफीच्या टेबलावर जमणारी म्हातारी मंडळी टायर बघायला आली. त्या गावात टायर तपासायचा म्हणजे त्याला लाथ मारायची. शेजारच्या डेल्बर्ट उन्रूने चारही टायरना एकेक लाथ मारली, पाचवी स्टेपनीला मारली आणि लंगडत निकाल दिला.

"नवेकोरे आहेत गं! नक्षी बघ की. रबराचे केससुद्धा झडले नाहीत अजून."

ते खरंच होतं. पण आर्डिसने एकतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढली होती, आणि दुधाचं खोकं दिसायला कसं आहे याच्याशी तिला कधीच कर्तव्य नव्हतं. ती चष्मा लावून गुडघ्यांवर बसली आणि रबरावरचे चार आकडे तिने बोटाने पुसले. पहिले दोन टायर बनला त्या आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे.

"दहा वर्षांचे आहेत."

"टायरला कसली तारीख? टायर काय दूध आहे?"

"दूध नासलं तर वास तरी येतो, डेल्बर्ट. हा ताशी साठ मैलांवर कळवतो."

"मग गाडीचे लाव. मी पंधरा वर्षं ट्रेलरला गाडीचेच लावतोय."

"किती फुटले?"

डेल्बर्टने बोटं मोजली. "मोठे म्हणशील तर तीनच."

आर्डिसने पाण्याची टाकी भरली, बिडाची भांडी आत ठेवली आणि ट्रेलर धान्याच्या कोठारावर नेला. गावात एवढा मोठा वजनकाटा तिथेच होता. काट्यावरच्या माणसाने ट्रेलरची चाकं तेवढी काट्यावर घेतली.

"गहू की ज्वारी?"

"माझं घर आहे."

"घराचा रकाना नाही, मिसेस क्रेबील. भरल्याशिवाय यंत्र पुढे जात नाही."

"ज्वारी लिही मग."

"ओलावा?"

आर्डिसने प्रामाणिकपणे विचार केला. "न्हाणीघरातला नळ थोडा गळतो."

"तेरा टक्के," त्याने लिहिलं आणि चिठ्ठी तिच्या हातात दिली.

जुने चारही टायर मिळून जेवढं पेलतील, त्याहून ही ज्वारी दोनशे पाउंडांनी जड निघाली. भांडी तीच होती, टाकी तीच होती. म्हणजे ऑर्व्हिल दर जूनला तो घाट केवळ नशिबावर उतरत होता, वर गाणी म्हणत. आर्डिसने पिकअपमध्ये बसून चिठ्ठी पुन्हा पहिल्यापासून वाचली. मागे मक्याचा ट्रक भोंगा वाजवायला लागला, तेव्हा कुठे तिने गाडी सुरू केली.

टायरवाला लोनी हसतमुख होता. "याच मापाचे आत्ता बसवून देतो."

तिने चिठ्ठी पुढे केली. "ट्रेलरसाठीच बनवलेले हवेत. याहून एक पायरी जास्त वजन पेलणारे. यंदाच्या तारखेचे. आणि त्यांना जास्त हवा लागते, ती माझ्या रिमला सोसेल का, तेही बघ."

लोनीला ते खरंच बघायला लागलं. रिमला सोसणार होती. "मागवायला आठवडा लागेल. पण इथे ज्वारी का लिहिलंय?"

"रकाना नव्हता."

आठवड्याने पाच टायर आले. तिने प्रत्येकाची तारीख वाचली आणि एक बाजूला काढला. "हा तीन वर्षांचा. परत."

"मिसेस क्रेबील, शाळेत तुम्ही मला दुसऱ्यांदा बटाटे दिले नाहीत, आणि आता हे!"

"तेव्हा तू तिसऱ्यांदा आला होतास, लोनी."

जूनमध्ये ती एकटी निघाली. डॅरेलच्या सांगण्यावरून डेल्बर्ट त्याच वाटेने दोन तास आधी निघाला होता, तिला मदत लागली तर असावी म्हणून. घाटाच्या अर्ध्यावर तो तिला दिसला. त्याचा ट्रेलर एका अंगावर कललेला, चाकाभोवती रबराच्या चिंध्या, आणि मदत करायला आलेला माणूस दगडावर बसलेला.

आर्डिसने पुढे रुंद जागा बघून गाडी थांबवली आणि चालत मागे आली. त्याला थर्मासमधली कॉफी दिली, कोबी आणि खिमा भरलेला पाव दिला, आणि पाव संपल्यावरच विचारलं.

"चौथा?"

"चौथा," डेल्बर्ट म्हणाला.

डेल्बर्टची स्टेपनी चढवून झाल्यावर उरलेला उतार ती खालच्या गिअरमध्ये उतरली. एका वळणावर तिच्या लक्षात आलं की कुणीतरी गातंय, आणि गाडीत दुसरं कुणी नव्हतं. तळ्यावर पोचल्यावर तिने चारही टायरना हात लावून बघितला. कोमट होते. तिने फोन लावला.

"कुठे येऊ?" डॅरेलने विचारलं.

"येऊ नकोस. मी मासे तळतेय."

मग तिने घडीचं टेबल उघडलं आणि राज्याच्या महामार्ग पोलिसांना पत्र लिहिलं:

'महोदय, आज दुपारी तीन वाजता आपल्या घाटात माझ्या ट्रेलरचा कोणताही अपघात झाला नाही. आपल्या अपघात नोंदवहीत याची रीतसर नोंद घेऊन एक प्रत माझ्या मुलास पाठवावी. तसेच याच ठिकाणी यापूर्वी सलग अकरा वर्षे न झालेले अकरा अपघात माझे पती कै. ऑर्व्हिल क्रेबील यांच्या नावे नोंदवावेत, ही विनंती.'