दुसरा भोंगा

सुर्ल्याच्या खाणीवर दुपारी सुरुंग उडायचे. पहिला भोंगा झाला की आम्ही टिप्परवाले, खनिज निवडणाऱ्या बाया, सगळे पत्र्याच्या आडोशाला जायचो. दुसरा भोंगा होईपर्यंत कोणी हलायचे नाही. तो वाजवणारा कृष्णनाथ म्हणजे आमचा यमधर्मच. त्याच्यापुढे मुकादमाचीही मात्रा चालायची नाही.

त्या दिवशी वर दोन लढाऊ विमाने झुंजीचा सराव करत होती, कोंबड्यांसारखी एकमेकांच्या मागे लागलेली. गोवा नुकताच राज्य झाला होता आणि आडोशाखाली मराठी की कोकणी यावरून आमचीही जुंपली होती, त्यामुळे वर बघतो कोण? सुरुंग उडाले. आम्ही उठायच्या बेतात असताना आणखी एक दणका झाला.

कृष्णनाथ म्हणाला, एक सुरुंग उशिरा उडाला. आम्ही मुकाट परत बसलो. एक उशिरा उडाला म्हणजे आणखीही एखादा आत जिवंत असू शकतो. आदल्या वर्षी नारायण अशाच वेळी तंबाखूची डबी आणायला बाहेर पडला आणि आम्हाला त्याचे तुकडे गोळा करावे लागले.

कडेला बसलेल्या चंद्रावतीने टेकाडामागे हवाई छत्री उतरताना पाहिली. तिकडे खाणीचा पाण्याने भरलेला जुना खंदक होता आणि वाट सुरुंगांच्या तोंडावरून जात होती. ती उठली. कृष्णनाथने तिचा दंड धरला.

"बाब, थंय मनीस आसा."

"भोंगो वाजसर कोणूच भायर सरचो ना."

आम्ही त्याला शिव्या घातल्या, पण उठले कोणीच नाही.

बराच वेळ थांबून तो एकटाच गेला आणि सुरुंगांची भोके तपासून आला. सगळी उडालेली होती. दणका वरचा होता, दोन विमाने एकमेकांवर आदळली होती. त्याने भोंगा वाजवला आणि आम्ही धावत सुटलो.

वैमानिक पाण्यात पालथा होता, छत्रीच्या दोऱ्या पायांत गुंतलेल्या. केवढासा पोर! पडतानाच गेला असेल, असे मी म्हणालो. तसेच असावे असे फार वाटत होते.

चंद्रावतीने काठाकडे बोट केले. निसरड्या लाल मातीत बोटांचे ओरखडे होते. वर चढलेले, घसरलेले, पुन्हा वर आलेले.

कृष्णनाथ काठावर पालथा झोपला. त्याने सर्वांत वरच्या ओरखड्याकडे हात खाली सोडला. हात तिथवर पुरला.