शेवटचे चौदा अंक

मध्यंतराचे दिवे लागले तसा मुलगा खुर्ची आपटून उठला.

“आपण पिक्चर बघायला आलोय की वाचायला?”

त्याची बायको अजून पडद्याकडेच पाहत होती. पडदा आता कोरा होता. “मला तर उठावंसंच वाटत नाहीये,” ती म्हणाली.

तिच्या पलीकडे बसलेल्या सासऱ्यांनी, म्हणजे अक्षरकारांनी, चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि पुन्हा लावला. मग परत काढला.

‘काजळ्या’ ही चित्रकथा बावीस वर्षं दर महिन्याला निघत होती. तिच्यातला प्रत्येक शब्द, पात्रांच्या तोंडाजवळच्या फुग्यांतला आणि स्फोटांतला, हाताने लिहायचं काम अक्षरकारांचं. चित्रकार गेला, लेखकही गेला. आता काजळ्यावर चित्रपट निघाल्यावर बोलवायला म्हणून मागे उरले होते ते हेच.

चित्रपट सगळा काळा-पांढरा होता. माणसं फारशी हलत नव्हती. बोलत तर नव्हतीच. त्यांचं बोलणं भिंतीवर, धुरात, गढूळ पाण्यावर अक्षरांनी उमटायचं. ती अक्षरं जुन्या अंकांतून उचलली होती. पहिल्यांदा भिंतीवर ‘पळ’ हा शब्द आला तेव्हा अक्षरकार पुढे सरकून बसले होते. त्यानंतर मध्यंतरापर्यंत त्यांची पाठ खुर्चीला टेकली नाही.

खेळ सुटल्यावर बाहेर वादाला तोंड फुटलेलंच होतं. एक गृहस्थ हातवारे करून सांगत होते, “दोन तास नुसती चित्रं चिकटवलीत हो! गोष्ट कुठाय?” त्यांच्याच सोबतची बाई म्हणत होती, “लहानपणी पान उलटताना असंच वाटायचं मला. अगदी असंच.” कोणी म्हणालं, कॉमिकचा मुडदा पाडला. कोणी म्हणालं, कॉमिकमध्ये जीव ओतला. मुलगा पहिल्यांच्या बाजूने झाला, सून दुसऱ्यांच्या. घरी पोचेपर्यंत रिक्षात दोघांची जुंपलेलीच होती.

“बाबा, तुम्हीच सांगा,” सून म्हणाली. “कसा वाटला?”

“बघतो,” अक्षरकार म्हणाले.

“बघून तर आलात!”

घरी त्यांची बायको टेबलाशी बसून मटार सोलत होती. गुडघ्यामुळे ती थिएटरच्या पायऱ्या चढायला तयार नव्हती. मुलगा-सून आपल्या घरी गेले, तसे अक्षरकार तिच्यासमोर बसले आणि एक शेंग हातात घेतली.

“अक्षर तुझं घेतलंय,” ते म्हणाले.

तिचे हात थांबले नाहीत. “कशावरून?”

“‘ळ’ वरून. दुसरा गोल लहान. शंभरदा सांगितलं होतं, दोन्ही सारखे काढ म्हणून.”

“माझ्या हाताला नाही जमलं.” थोड्या वेळाने तिने विचारलं, “सगळ्या पिक्चरभर?”

“सगळ्या पिक्चरभर.”

वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी अक्षरकारांचा उजवा हात थरथरू लागला होता. आधी शाई सांडायला लागली, मग रेघ वाकडी जायला लागली. संपादकांना कळतं तर काम गेलंच असतं. तेव्हा बायको दोन महिने जुनी पानं समोर ठेवून गिरवत बसली आणि शेवटचे चौदा अंक तिने लिहिले. पानांचं पाकीट द्यायला कचेरीत मात्र तेच जात. तिच्या तिसऱ्या अंकानंतर संपादकांची चिठ्ठी आली, ‘आपले अक्षर अलीकडे फारच सुधारले आहे.’ ती चिठ्ठी त्यांनी वर्षभर बायकोला दाखवली नव्हती.

“रविवारी दुपारी चर्चा ठेवलीय थिएटरात,” ते म्हणाले. “दिग्दर्शिका येणार आहे. मला बोलावलंय. सांगून टाकावं म्हणतो.”

“काही नको. तीस वर्षं मूठ झाकलेली आहे. लोक म्हणतील, बायकोच्या जिवावर खाल्लं.”

“खाल्लंच की.”

तिने त्यांच्या हातातली शेंग काढून घेतली. ती त्यांना अजून सोलता आली नव्हती.

रविवारी बायकोही आली. कठड्याला धरून, एकेक पायरी थांबत. मुलगा हात द्यायला लागला तर म्हणाली, “पुढे हो. मागे लोक खोळंबलेत.”

चर्चा म्हणजे भांडणच होतं. दिग्दर्शिका तरुण होती आणि शांतपणे ऐकून घेत होती. अर्धी सभा तिला शाबासकी देत होती, अर्धी जाब विचारत होती. एकाने तर पैसे परत मागितले. मग मागून एक मुलगी उठली आणि म्हणाली की तिच्याकडे काजळ्याचे सगळे अंक आहेत, आणि अक्षरकारांचं शेवटच्या वर्षातलं अक्षर सगळ्यात देखणं आहे.

“आम्हीही तेच वापरलं,” दिग्दर्शिका म्हणाली. “आधीच्या अक्षरात शिस्त होती. या अक्षरात...” ती शब्द शोधत थांबली. “हे कोणीतरी जपून लिहिलंय असं वाटायचं.”

माईक अक्षरकारांच्या हातात आला. हात थरथरला, तसा तो खरखरला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला.

“ते माझं नाही,” ते म्हणाले. “शेवटचे चौदा अंक माझ्या बायकोनं लिहिलेत. माझा हात गेला होता. ती तिथे बसलीय, तिसऱ्या रांगेत.”

मग चार-दोन टाळ्या पडल्या, थांबल्या, पुन्हा पडल्या. एक गृहस्थ उठून म्हणाले, “म्हणजे वाचकांना फसवलंतच ना? नाव तर तुमचं छापलं होतं.” त्यांना कोणीतरी खाली बसायला सांगितलं. अक्षरकार म्हणाले, “बरोबर आहे त्यांचं. बसवू नका.”

तिसऱ्या रांगेत मुलगा आईकडे वळला होता.

“तू आजोळी पत्र लिहितेस असं सांगायचीस मला. टेबल हलवू नकोस म्हणून ओरडायचीस.”

“मग? हललं असतं तर पान परत लिहावं लागलं असतं.”

“इतकी वर्षं मला का नाही सांगितलं?”

“तू कधी विचारलंस, ‘आई, कोणाला एवढी पत्रं लिहितेस’ म्हणून?”

ज्या हाताने तिने पर्स धरली होती, त्या हाताकडे मुलगा पाहत राहिला. सून मधल्या जागेतून वाकली आणि तिने सासूच्या पाठीवर हात ठेवला. सासूला ते फारसं आवडलं नसावं. ती पदर सारखा करायला लागली.

चर्चेनंतर तीनचा खेळ होता. दिग्दर्शिकेने स्वतः येऊन दोघांना मधल्या रांगेत बसवलं आणि श्रेयनामावलीत बायकोचं नाव घालायला हवं, कसं लिहू, असं विचारलं. बायको म्हणाली, “आधी बघू तर द्या.”

दिवे गेले. अक्षरकार पडद्याकडे न बघता तिच्याकडे बघत होते. भिंतीवर, धुरात, पाण्यावर तिची अक्षरं येत होती आणि उजेड तिच्या चेहऱ्यावर पडून जात होता. चेहरा मात्र बँकेत रांगेत उभं असल्यासारखा होता. एकदा तिने जांभई दिली. एकदा हळूच विचारलं, “हा मघाचाच माणूस का? सगळे सारखेच दिसतात.” मध्यंतरात म्हणाली, “तुम्हाला म्हणून सांगते, मला नाही आवडला. पण तिला सांगू नका, बिचारीनं मेहनत घेतलीय.”

शेवटाकडे काजळ्या पुलावर एकटा उभा राहतो. गाव सोडून चाललेला असतो. खालून वाफ वर येते आणि वाफेत एकच शब्द उमटतो, ‘थांब’.

बायको पहिल्यांदाच खुर्चीत ताठ झाली.

“अहो,” ती म्हणाली, जरा मोठ्यानेच. “हा माझा नाही. हा तुमच्या हातचा आहे. पहिल्या अंकातला.”

मागच्या रांगेतून कोणीतरी “शू” केलं.

अक्षरकारांनी चटकन पडद्याकडे पाहिलं. आधीच्या खेळाला त्यांनी हा शब्द पाहिला होता आणि ओळखला नव्हता. ‘ब’ च्या पोटातली तिरपी रेघ विरत चालली होती. चष्मा नीट करेपर्यंत वाफेत काहीच उरलं नाही, नुसता पूल दिसत होता.