भिजल्या पदराची साडी

मार्गशीर्षातली सोनसकाळ. दूधगंगेवर धुक्याची धवल दुलई, उसाच्या रुपेरी तुऱ्यांवर कोवळं केशरी ऊन, आणि गुऱ्हाळांच्या धुरातून दरवळणारा मधुर, मंद गंध. अलीकडे मराठी कुंभोळी, पलीकडे कानडी हिरेकट्टी. राजांनी सीमा आखल्या, राज्यांनी पुन्हा आखल्या. नदीनं पाण्यावर एकही रेघ टिकू दिली नाही. भाकरी दोन्ही काठांवर ज्वारीचीच होते.

दोन्ही काठांच्या देव्या सख्ख्या बहिणी. दरवर्षी आजच्या दिवशी कुंभोळीच्या थोरलीनं हिरेकट्टीच्या धाकटीला साडी पाठवायची. साडी नावेतून जायची आणि मध्यधारेत नावाडी बाळगोंडा अंबी तिचा पदर पाण्यात बुडवायचा. चाळीस वर्षं हा मान त्याचा होता.

यंदा मात्र नवा पूल झाला. शुभ्र, सरळ, दिमाखदार पूल! साडी ट्रॅक्टरवर चढली, हलगी कडाडली, मिरवणूक निघाली. नव्याच्या नवलाईत बाळगोंडाला सांगायचंसुद्धा राहून गेलं. नावेला डांबर लावून, झेंडूची माळ बांधून तो घाटावर वाट पाहत बसला. माळ टवटवीत होती; तोंड तेवढं सुकलं होतं.

पलीकडे देवळाच्या पायरीवर पुजारीण नीलव्वानं साडी हाती घेतली. पदर चाचपला. भुवया कपाळाला भिडल्या.

"पदर कोरडा? आमच्या देवीची थोरली बहीण कधी कोरडी आली होती काय? न्या माघारी. पाण्यावरनं आणा!"

गेली तशी मिरवणूक वाजतगाजत परत आली. पाटलांचा फेटा तेवढा जरा खाली उतरला होता. लोक मात्र पोट धरधरून हसत होते.

"बाळगोंडाअण्णा, चुकलंच आमचं," पाटील म्हणाले. "काढता न्हवं नाव?"

"बांधली कुणी हुती?" म्हातारा म्हणाला, आणि वल्हं त्याच्या हातात आलंसुद्धा.

मध्यधारेत धुकं विरलं. हिरवी, जरीकाठी साडी उलगडली, पदर पाण्यात उतरला. बाळगोंडानं तो एकदा बुडवला, दोनदा बुडवला, पुन्हा बुडवला. अलीकडून हाका, "चला की आता!" पलीकडून कानडी हाका, "बर्री, बर्री!" या, लवकर या! पण त्याचं मन काही भरेना.

अखेर नाव काठाला लागली. गुडघाभर पाण्यात उभ्या नीलव्वानं साडी उराशी धरली, आणि ओथंबलेल्या पदरातून थेंब थेंब दूधगंगा तिच्या हसऱ्या हातांवरून निथळत राहिली.