मी, महादेवच्या उजव्या गुडघ्याचा पट्टा

मी एक गुडघ्याचा पट्टा. नाक धरून ऐकलंत तरी चालेल. नऊ वर्षांत मला पाणी लागलेलं नाही.

जन्म कारखान्यातला म्हणतात. मला आठवतं ते हुबळीच्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानात हुकाला लटकणं. तिथून मला महादेवने उचललं. महादेव म्हणजे कापडवाल्यांचा धाकटा, अंगाने कपाटाएवढा, कबड्डीवर पोट भरणारा. मला बांधून तो पहिला सामना खेळला आणि संघ जिंकला. तेव्हापासून मला धुवायचं नाही, असा नियम झाला.

चढाईला आलेल्याचा घोटा दुसराच कोणी धरतो. मग महादेव त्याच्यावर भिंतीसारखा कोसळतो. पेपरात घोटा धरणाऱ्याचा चेहरा येतो आणि महादेवची पाठ. अशी ही पाठ पाच संघांनी वापरली. कुणी दोन हंगाम ठेवलं, कुणी एकच. जर्सीचे रंग बदलले, मी तोच राहिलो.

आता माझं गुपित. महादेवचा दुखरा गुडघा डावा. मला तो बांधायचा उजव्यावर. चढाई करणारे पट्टा बघून त्याच बाजूने घुसायचे आणि धडधाकट पायाखाली सापडायचे. म्हणजे मी काम काहीच केलं नाही, नुसतं खोटं बोललो.

यंदा धारवाडला सहाव्या संघाची निवड होती. महादेव चौतिशीचा. ही संधी गेली की दुकानात कापड मोजत बसायचं. थोरली बहीण मथुराअक्का डबा घेऊन सोबत आली होती. तपासणीत संघाच्या डॉक्टरांनी मला खाली सरकवून उजवा गुडघा दाबला.

"ठणठणीत आहे," ते म्हणाले.

"डॉक्टर, तो न्हवं," मॅटच्या कडेवरून अक्का म्हणाली. "डावा बघा. जिना उतरताना हा खेकड्यासारखा आडवा उतरतो."

"अक्का, सुम्मनिरू. गप ना."

"गप बसायला मी काय तुझा पट्टा आहे?"

डॉक्टरांनी डावा दाबला. महादेवचा आवाज केलगेरीच्या तळ्यापर्यंत गेला असावा. सहावा संघ गेला.

परतीच्या बसमध्ये डबा अक्काच्या मांडीवर बंदच राहिला. हुबळीत उतरताना महादेव पायरीवर लचकला. अक्काने त्याला बाकावर बसवलं, नाकाला पदर लावला, मला उजव्यावरून ओढून काढलं आणि डाव्यावर चढवलं.

"बरं वाटतंय?"

"थोडं," तो म्हणाला. खरं बोलायची सवय नव्हती, म्हणून जरा वेळ लागला.

आता मी रोज दुकानात असतो, डाव्या गुडघ्यावर. सुजलेला गुडघा आवळून धरणं किती कष्टाचं असतं, हे मला या वयात कळतंय. तक्रार नाही. फक्त तो नियम आता संपला, एवढं कोणीतरी महादेवला सांगा. मला एकदा साबण लावा.