अनोपभाईंची माफी

वढवाणच्या जैन उपाश्रयातल्या फळ्यावर रोज सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा लिहायचं काम अनोपचंद वखारियांकडे होतं. सूर्य उगवल्यावर दोन घटका थांबून मगच तोंडात पाणी घालायचं आणि मावळायच्या आत जेवण उरकायचं, असा नेम घरोघरी चालतो. तिथे हे काम म्हणजे मानाचं. बँकेतून निवृत्त झालेल्या अनोपभाईंना त्याचा भलताच ताठा होता. पुढे त्यांना इंटरनेटवर एक प्रोग्राम सापडला. गावाचं नाव घातलं की वर्षभराच्या वेळा सेकंदासकट हजर. शिवाय फुकट. या एका शब्दापुढे अनोपभाईंचं कधीच काही चालत नसे.

प्रोग्राम बसवताना पडद्यावर एकामागून एक चौकटी आल्या. बारीक इंग्रजी अक्षरांत काहीबाही विचारत होत्या. मधेच कॉम्प्युटरच्या राखणीसाठी मुलीने बसवून दिलेल्या प्रोग्रामने लाल पाटी दाखवून नाट लावलं, तेव्हा त्यांनी तोच बंद करून टाकला. ज्या माणसाने बँकेत लोकांचे अर्ज एका स्वल्पविरामासाठी परत पाठवले, त्याने घरी बसून प्रत्येक चौकटीला न वाचता होकार दिला.

पर्युषण पर्वाच्या आधी संघाचे विश्वस्त वाडीभाई दोन वडीलधाऱ्यांना घेऊन अनोपभाईंनी तयार केलेली कार्यक्रमपत्रिका बघायला त्यांच्या घरी आले. अनोपभाईंनी कॉम्प्युटरवरचं भरतकामाचं फडकं मोठ्या झोकात काढलं. पत्रिका उघडली आणि तिच्या डोक्यावर एक अर्धउघडी बाई उगवली. सगळ्यांना लाडिक आवाजात गप्पा मारायला बोलवायला लागली. तिला बंद केलं तर दोघी आल्या. वाडीभाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. अनोपभाईंना दरदरून घाम फुटला.

"भाचा बसतो ना संध्याकाळी इथे," ते बोलून गेले. "आजकालची पोरं. काय सांगायचं."

भाचा नैषध तेव्हा पाण्याचे पेले घेऊन दारातच उभा होता. आई गेल्यापासून तो मामाकडेच राहत होता. दिवसा एका हिशेबनिसाकडे नोकरी करायचा, संध्याकाळी उरलेलं काम घरी आणायचा. वाडीभाईंच्या पुतणीशी त्याच्या लग्नाची बोलणी जवळजवळ ठरत आली होती आणि मुलगीही त्याला मनापासून आवडली होती.

"मामा, मी नाही," तो म्हणाला.

"मग काय मी?" अनोपभाईंनी विचारलं. पांढऱ्या केसांचा, रोज सामायिकाच्या ध्यानाला बसणारा माणूस असं विचारतो, त्याला उत्तर कोण देणार? नैषधने पेले ठेवले आणि तो आत गेला.

चार दिवसांत निरोप आला की मुलीला अजून शिकायचं आहे. नैषधने बॅग भरली, मामा-मामींच्या पाया पडला आणि मित्राच्या खोलीवर राहायला गेला. सरलाबेन नवऱ्याच्या पुढ्यात ताट आदळायला लागल्या. अनोपभाईंनी मात्र मनाची समजूत घातली, की पोराला जरा धाक बसला, बरंच झालं.

पण भाचा गेला तरी बायका काही जाईनात. त्या येतच राहिल्या, सोबत जुगाराच्या आणि टक्कल घालवणाऱ्या तेलाच्या जाहिराती घेऊन. आधी अनोपभाईंना वाटलं, पोरानेच मागे काही ठेवलं असेल. शेवटी त्यांनी बडोद्याला मुलीला, हिरलला फोन लावला.

"पप्पा, इतक्यात काही फुकटचं उतरवलंत का?" तिने पहिलंच विचारलं.

त्यांनी वेळांच्या प्रोग्रामचं सांगितलं. चौकटींना होकार दिला, नाहीतर पुढे कसं जाणार होतो, असंही वर ऐकवलं. हिरलने कपाळावर हात मारल्याचा आवाज फोनमधून आला. त्या चौकटींतच जाहिरातवाल्यांना घरात घ्यायची परवानगी असते, त्यातली होकाराची खूण काढूनच पुढे जायचं असतं, हे तिने समजावलं. मग फोनवरूनच तिने त्यांच्याकडून तो प्रोग्राम काढवला. त्याचं बोट धरून आलेले आणखी दोन अनोळखी प्रोग्रामही काढवले. ब्राउझरमध्ये चिकटलेला कचरा झाडून घेतला आणि बंद पाडलेला राखणदार पुन्हा चालू करवला. कॉम्प्युटर नव्याने सुरू झाला. पत्रिका उघडली. तिच्यावर कुणीही आलं नाही.

त्या स्वच्छ पडद्याकडे बघताना अनोपभाईंना आपल्या तोंडात कुणी माती कोंबल्यासारखं झालं. पोराने एकदाच सांगितलं होतं, मी नाही.

"नैषधला कधी सांगताय?" हिरलने विचारलं.

पर्युषणाचा शेवटचा दिवस, संवत्सरी, तोंडावर आली आहे, त्या दिवशी रीतसर क्षमा मागेन, असं ते म्हणाले आणि त्यांना थोडं हलकं वाटलं. सगळं गावच त्या दिवशी एकमेकांची क्षमा मागतं. त्या गर्दीत आपलीही खपून जाईल, असा हिशेब त्यांच्या मनात होता आणि त्या हिशेबाचीही त्यांना लाज वाटत होती.

संवत्सरीचं प्रतिक्रमण, वर्षभराच्या दोषांची कबुली, संपलं. उपाश्रयात जो तो हात जोडून समोरच्याला मिच्छामि दुक्कडम् म्हणत होता. अनोपभाई वाट काढत भाच्यापाशी पोचले. तोंड उघडणार तोच नैषध त्यांच्या पायाशी वाकला.

"मिच्छामि दुक्कडम्, मामा. कळत-नकळत तुम्हाला दुखावलं असेल, तर."

त्यांनीही तेच दोन शब्द उच्चारले. झालं, उरकलं. शेजारून वाडीभाई कौतुकाने म्हणाले, "वा, अनोपभाई. शेवटी भाच्याला पदरात घेतलंत."

अनोपभाईंची कानशिलं तापली. आता गप्प बसलो तर जन्मभर गप्पच बसावं लागेल, हे त्यांना कळलं.

"त्याचं काहीच चुकलं नव्हतं," ते म्हणाले. "त्या बायका घरात मी आणल्या, वाडीभाई. फुकटचा प्रोग्राम मी घातला. न वाचता होकार मी दिला. आणि तुमच्यासमोर नाव याचं घेतलं."

आजूबाजूची माणसं थांबली. वाडीभाईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी अनोपभाईंच्या खांद्यावर हात ठेवला.

"पोराचं पाप आपल्या अंगावर घ्यायला काळीज लागतं," ते म्हणाले. "आजच्या दिवशी तुम्ही आम्हाला क्षमा शिकवलीत."

अनोपभाई हबकले. अहो खरंच, म्हणत त्यांनी चौकटी, लाल पाटी, हिरलचा फोन, सगळं सांगायला घेतलं. ते जितकं सांगत गेले तितक्या माना कौतुकाने डोलत गेल्या. एका वडीलधाऱ्यांनी तर जवळच्या मुलांना बोलावून हे बघा, असं दाखवलं. म्हातारा माणूस त्या असल्या बायका बघेल, हे कुणाच्या डोक्यात शिरतच नव्हतं. आणि पुतणीबद्दल वाडीभाईंनी अवाक्षर काढलं नाही.

नैषध खाली बसून आपलं लोकरी आसन गुंडाळत होता. तो उठला आणि मामांच्या अगदी जवळ आला.

"राहू द्या, मामा," तो हळूच म्हणाला. "त्या दिवशी तुम्ही एकच वाक्य बोललात, ते लगेच खरं ठरलं. आज इतकं बोललात, तरी मोठे तुम्हीच झालात."

तो गर्दीतून बाहेर पडला. अनोपभाईंना त्याच्यामागे जायचं होतं, पण त्यांच्यापुढे माणसांची रांग लागली होती. एकेक जण नेहमीपेक्षा जास्त वाकून त्यांना हात जोडत होता. ते प्रत्येकाला हात जोडून तेच दोन शब्द परत देत होते, आणि दर वेळी त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होत होतं.