डावी कळी

देवळात मुंगी शिरायला जागा नव्हती. बाळा गुरवाने देवाच्या काळ्या पाषाणावर दोन कळ्या चिकटवल्या आणि सूर लावला, "बा देवा म्हाराजा, पऱ्यावर बंधारा घालू काय? व्हय तर उजवी दे, नको तर डावी."

"व्हय म्हाराजा," गाव एका सुरात म्हणालं.

थोड्या वेळाने डावी कळी गळून पडली. बायकांनी हात जोडले. मानकरी काशीराम तेवढे निवांत सुपारी कातरत होते. देवाचं उत्तर त्यांना आधीच कळलं असावं.

राहीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती इथलीच, वाडीच्या शाळेत शिकवणारी. शेजारच्या गावाने मातीच्या गोणी रचून आपला पऱ्या, म्हणजे ओढा, अडवला, तर तिथल्या विहिरींना भर उन्हाळ्यात पाणी. इथे मात्र उन्हाळा आला की सगळी वाडी काशीरामच्या विहिरीवर. तिथूनच हंडा आणताना राहीची आई सगुणा पडली आणि कंबर मोडून बसली. पऱ्या वाहतोय तोवरच अडवायला हवा होता.

"बाळादादा, कळ्या द्या बघू," राही म्हणाली. देवळाच्या काळ्या खांबावर तिने एक कळी गंधाने चिकटवली, दुसरी नुसत्या पाण्याने. पाणी सुकलं तशी पाण्याची पडली. गंधाची हलेना. बाजू बदलून लावल्या, तरी पाण्याचीच पडली.

"यात देवाचा काय संबंध? उजवीला गंध लावलं की नकार, डावीला लावलं की होकार."

बाळाने गंधाची वाटी मागे सरकवली.

"मग गोणी भरायला कोण येतंय?" राहीने गावाला विचारलं.

काशीराम हसले. "जा की सगळी. फक्त बंधारा फुटला तर मे महिन्यात माझ्या विहिरीवर येऊ नका."

"व्हय म्हाराजा," मागून कोणीतरी सवयीने म्हणालं. आणि मग सगळंच गाव म्हणालं.

घरी सगुणा अंथरुणावरून म्हणाली, "गंधाचं आमाला म्हाईत होतं गो बाय."

"मग कधी बोललात का नाही?"

"बोलून पानी कोन देनार?"

गोणी भरायला कोणीच आलं नाही, आणि पऱ्याचं पाणी वाहून गेलं. मे महिन्यात राही हंडा घेऊन काशीरामच्या विहिरीवर उभी राहिली, सगळ्यांच्या मागे. तिच्याशी कोणी बोललं नाही.

वाचकहो, गंध आणि पाणी तुमच्याही घरात आहे. कळी का पडते ते पोरांना जरूर दाखवा. पण ती कोण पाडायला लावतो, हेही विचारा. आणि विचारायला एकट्या राहीला पुढे करू नका.