धारमध्ये बसून देवासचं देवघर

त्या सकाळी आमच्या धारच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारच्या तिरला गावाहूनसुद्धा माणसं आली होती, कारण सतवासचे दूरदृष्टी महाराज इथं बसल्या बसल्या देवासला काय चाललंय ते सांगत. डोळे अर्धे मिटलेले, मांडीवर जाडजूड पोथी उघडलेली, आणि समोर हात जोडून माझ्या सासूबाई, माई.

प्रश्न माईंच्या जिवाचा होता. "देवासला तुमच्या थोरल्या घरी नैवेद्य होताना मला इथून दिसला, तर समजा तुमची शुगर गेली, त्या घडीपासून गोळ्या बंद," असं महाराजांनी सांगून ठेवलं होतं. मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते, पण घरात माझं ऐकतंय कोण?

आमची रीत अशी, की थोरल्या घरी नैवेद्य दाखवल्याशिवाय आम्ही धाकट्यांनी ताटावर बसायचं नाही. पोरं भुकेनं रडायची, म्हणून थोरल्या घरच्या मालोजीकाकांनी देवासच्या देवघरात कॅमेरा लावला. नैवेद्य झालेला आम्ही मोबाइलवर बघतो आणि जेवतो.

महाराज बोलू लागले. "देखो माई, मालोजीराव आले. पिवळं सोवळं. भरीत-भाकरी ठेवली. आता वाकले." लोक माना डोलावू लागले. "अजून वाकलेत. वा, काय भक्ती. अजून वाकलेत."

आता मात्र मला राहवेना. काकांची कंबर अशी, की चपला घालायलाही काकू लागतात. मी त्यांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. काका चौकात होते; महाराजांना तुम्ही अजून वाकलेले दिसताय, असं मी त्यांना सांगितलं.

"महाराज, भिया, मी केव्हाच उठलो," काका आपल्या माळवी थाटात म्हणाले. "कचोरी खातोय."

महाराज म्हणाले, वाकलीय ती तुमची सूक्ष्म काया. मी सरळ पोथी उचलली. आत मोबाइल, मोबाइलवर वाकलेले काका, आणि त्यांच्या पाठीवर गोल गोल फिरणारं चक्र. तिरल्याच्या एका आजोबांनी त्या चक्रालाही नमस्कार केला.

मग मी तिथंच तास घेतला. देवघरातलं चित्र बारीक तुकडे होऊन तारेतून इंदूरला जातं, तिथून कुठल्या तरी परमुलखातल्या कॉम्प्युटरवर, आणि तिथून धारला येतं. जमिनीखालून, समुद्राखालून तारा टाकून सगळं जग असं जोडलेलं आहे. पासवर्ड ठाऊक असला तर दुबईत बसूनही काकांची पाठ दिसेल. वाटेत तुकडे अडकले, की शेवटचं चित्र तसंच गोठून राहतं. आमचा पासवर्ड 'येळकोट', आणि तो घालताना माई रोज आरतीसारखा मोठ्यानं म्हणतात. महाराज आठवडाभर आमच्याच पंगतीला होते, त्यांना वेगळी सिद्धी कशाला हवी?

महाराज चपला विसरून गेले. माईंनी मला जवळ बोलावलं.

"म्हणजे माझी शुगर आहे तशीच आहे?"

"आहे, माई."

त्यांनी गोळी मागितली. त्यांना ती गिळताना बघून इतका वेळ चिडलेल्या मलाच रडू आलं. लोकहो, देवाला खुशाल हात जोडा. पण कुणी औषध सोडायला सांगितलं, तर आधी त्याला विचारा, तुला हे कळलं कसं? आणि उत्तर पटेपर्यंत गोळी चुकवू नका.